मगर येईपर्यंत

रात्रपाळी करून आलो की मी लगेच झोपत नाही.
मागच्या दाराची कडी काढतो,
चोकडीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसतो,
आणि ती दोघं येतातच, न बोलावता,
दात न घासता:
उर्वी, साडेपाच वर्षांची,
आणि हंबीर,
ज्याला नाव सेनापतीचं
आणि भीती खारीची.

मांजलपुरातली ही रो-हाउसची रांग.
मागची जागा म्हणाल तर दोन खाटा मावतील एवढी.
एक कढीपत्ता.
एक पपई, जिचं अजून ठरत नाही नर की मादी.
फुटक्या बादलीत पुदिन्याची गर्दी,
आणि भिंतीपलीकडून जयाबेनची फोडणी,
सात वाजता, घड्याळापेक्षा नेमकी.

गेल्या पावसाळ्यात विश्वामित्री चढली तेव्हा
सोसायटीच्या फाटकापाशी मगर आली होती.
खरी. चार हात लांब.
वनखात्याच्या पोरांनी तिचं तोंड दोरीनं बांधलं
आणि टेम्पोत घालून नेली,
लग्नघरच्या सामानासारखी, सांभाळून.
उर्वीनं ते पाहिलं माझ्या खांद्यावर बसून.
तेव्हापासून तिचं म्हणणं आहे
की मगर आपल्याचकडे यायला निघाली होती,
पत्ता चुकला.

म्हणून रोज सकाळी टब भरायचा.
निळा, प्लास्टिकचा,
हंबीर बाळ असताना त्याला न्हाऊ घालायचो तो.
त्यात शिळ्या पोळीचा तुकडा, अर्धा काठावर,
आणि भिंतीवरून वाकून तोडलेलं
जयाबेनचं जास्वंद.
"तिला आवडलं तर."

आणि मग अगदी गप्प बसायचं.
नियम उर्वीचा: बोललं की मगर परत जाते.
खोकलं, तर अर्ध्या वाटेवरून.
हंबीर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड आवळून बसतो,
टेम्पोतल्या तिच्यासारखा.

मी आठ तास टर्बाइनच्या पोटात होतो.
तिथं माणसं एकमेकांना ओठांवरून वाचतात.
अंगठा म्हणजे चहा,
दोन बोटं म्हणजे गडबड, ये लवकर.
इथं आधी काहीच ऐकू येत नाही.
मग टबाच्या कडेवरून एक थेंब.
मग पपईच्या खोडावर एक मुंगळा,
ऐकू येत नाही, पण असा ठासून चालतो
की ऐकल्यासारखा वाटतो.
मग लांब, मकरपुऱ्याकडे, मालगाडी.
तिचे डबे मनातल्या मनात मोजताना
हंबीरची मान डुलायला लागते,
आणि तेवढ्यात खार.
येते, पोळी उचलते, जाते.
त्यानं माझं बनियन मुठीत घट्ट धरलंय,
डोळे एवढे मोठे,
पण तोंडातून शब्द नाही.
नियम म्हणजे नियम.

उर्वी कुजबुजते
(नियम करणाऱ्यांना मुभा असते):
"बाबा, तुला काय ऐकू येतंय?"

जागरणानं डोळे चुरचुरत असले
की माणूस खरं बोलून जातो.
"माझ्या कानात शिट्टी वाजते.
बारीक. बंदच होत नाही."
डॉक्टर म्हणाले, सवय करा.
तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

ती उठते. ओल्या पायांनी
माझ्या मांडीवर उभी राहते,
गळ्यात हात टाकते
आणि माझ्या कानाला आपला कान लावते.
गरम, चिकट, कालच्या सुखडीचा वास असलेला.
श्वास रोखून ऐकते.
किती तरी वेळ.
पलीकडची मोहरी तडतडून थांबते.
कुणाच्या तरी स्कूटरला चौथ्या किकला जीव येतो आणि जातो.

"हो," ती म्हणते, "मलापण येतोय.
तीच आहे.
अजून लांब आहे, पण इकडंच येतेय."

हंबीर झोपलाय. त्याची मूठ अजून बनियनवर.
ऊन कढीपत्त्यापर्यंत उतरलंय.
टबात जास्वंद सावकाश गोल फिरतं,
वारा नसताना.

मी हूं की चूं करत नाही.