साडेतीन मिनिटं

सुपडूअण्णा म्हणे, जेट म्हणजे आग पाहिजे.
टर्बाइन घे, रॉकेल पिऊ दे,
पिन मारलेल्या स्टोव्हगत घुमू दे.
किंमत विचारली, फोन ठेवला.

मग डक्टेड फॅन, बारा पात्यांचा,
सहा सेलची बॅटरी,
अन् उड्डाण साडेतीन मिनिटं.

मे महिन्यात अमळनेरची हवाही पातळ,
दुपारी बॅटरी फुगते कळण्याच्या भाकरीगत,
म्हणून पहाटे, बोरीच्या कोरड्या पात्रात.
शेपटाला सुतळी, सुतळीला कापसाचा ताणकाटा.
थ्रॉटल पूर्ण.
काटा दीड किलोवर थरथरला.
विमान दोन किलो शंभर.

अण्णा बराच वेळ वाळूत बसून.
मग म्हणाला, चाकं काढ भो,
हातानं फेकू.
आवाजाचं काय ते मी पाहतो.

स्क्रू दातांत धरून मी ऐकत होतो.