दोन चांदण्या

फळा रंगवून आणला तेव्हा धाकलूनं विचारलं,
'होमस्टे' म्हणजे काय गं?
म्हटलं, आपलंच घर, पण भाड्यानं.

दाजीपूरच्या वरच्या अंगाला, जीप थांबते तिथून
वीस मिनिटं चालायचं.
पहिल्या वर्षी चार माणसं आली,
त्यांनी तांबडा-पांढरा मागितला.
आमच्या धनगरवाड्यात कुणी पांढरा रस्सा बघितला नव्हता,
ताक ओतलं की झालं आमचं पांढरं.
मोबाइलवर बघून शिकले. आता जमतो.
पाहुणे म्हणतात, अस्सल.

पैशाला नावं ठेवणार नाही मी.
थोरलीची राधानगरीची शाळा त्यातूनच,
धाकलूचं कोयता घेऊन उसाला जाणं सुटलं, तेही.
आणि नियम पाळते, फळ्यावर लिहिलेत:
प्लास्टिक परत न्या. गवा दिसला तर शिट्टी नको.
काजवे बघायला निघताना मोबाइल सुपात टाका.
सुपात पडल्यावर थोडा वेळ
मासळीगत तडफडतो उजेड.

मग अंधारातनं नेते त्यांना
ओढ्यापलीकडं, बेहड्यापाशी,
एकेकाचा हात धरून: हळू, दगड आहे, वाका.
एकदा एक मोठा साहेब रडला होता तिथं.
नाव माहीत नाही. हात मऊ होता.

बल्ब लावला तो संडासापाशी.
बायका-पोरं रातचं भितात म्हणून.
एवढासा. रात्रभर पिवळा.
त्याच्याच मागं ऐनाचं झाड.
तीन वर्षं झाली, मला कळलंच नाही.
पाहुण्यांना ओढ्यापलीकडं नेण्यात
घरामागं कोण बघतंय?
बमूमामांनी विचारलं, गोठ्यात विडी विझवता विझवता,
"आपला ऐन यंदा पेटला न्हाई व्हय गं?"

त्या रात्री बटण बंद केलं.
वाटेवर कंदील ठेवला, त्यावर डालगं पालथं घातलं.
सकाळी पाहुणे गोड बोलून गेले.
चार दिवसांनी थोरलीनं वाचून दाखवलं:
'जेवण उत्तम. माणसं साधी. रात्री लाइट नाही.'
पाचातल्या दोन चांदण्या.

तीन बुकिंगं रद्द झाली.
धाकलू दोन दिवस गप्प. मग म्हणाला,
तांबडा कागद गुंडाळूया का बल्बाला?
बघू, म्हटलं.

आत्ता ओट्यावर बसलेय, सूप रिकामं.
ऐनाकडं बघतेय मघापासनं.
एक. पानाआड गेला.
आता दिसतोय तो तोच की दुसरा, कळंना.
थोरली म्हणते, आई, तीन!
मी म्हणते, थांब,
मोठ्यानं मोजू नको.