काथ्याची मिशी

आल्तिनोवरच्या स्टुडिओत
प्लास्टरचा एक पुरुष आहे, डोकं आणि हात नसलेला.
तीन वर्षं मी त्याचीच छाती शेड करते आहे.
सर म्हणतात, पुरुषाची रेषा ठाम हवी,
बाईची वाहती.
मी विचारलं, आणि भुकेची?
सर म्हणाले, विषयाला धरून बोल.

विषय होता ‘समाज’. पोस्टर, दोन रंग.
मी फोनमधून चवथीचा फोटो काढला:
माटोळीखाली पुरसोकाका, पोटावर हात,
समोर पुसून घेतल्यासारखं केळीचं पान,
मागे दाराच्या फटीत चार साड्यांचे काठ.
वर जाड अक्षरांत लिहिलं,
दुसरी पंगत लवकरच सुरू होत आहे.
खाली, बारीक,
भूक मेल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.

वर्ग हसला. ज्युलिएटाने तर त्याचा स्टिकर केला,
म्हणाली, आमच्याकडे पान नसतं, प्लेट असते,
बाकी काका सेम.
त्या हसण्याच्या भरात
मी तो ‘मळीक परिवार’वर टाकला.

सात मिनिटं कुणी काही बोललं नाही.
मग एक हात जोडलेला. मग ‘संस्कार’, नुसताच शब्द.
मग चुलतभाऊ: कलेच्या नावाखाली काहीही.
पुरसोकाका ग्रुप सोडून गेले.
त्यांना परत आणायला बाबांनी फोनवर माफी मागितली,
माझ्या वतीने, उभं राहून.
आणि सगळ्यात खाली, रात्री दोन-बाविसला,
शेवंतीकाकीच्या नावापुढे
तिरप्या अक्षरांत:
हा मेसेज डिलीट केला आहे.

पौषात आईने बोलावलं. धालो आहेत, ये.
मी डिचोलीची शेवटची कदंबा पकडली.
फोन घरी ठेव, ती म्हणाली,
मांडावर बाप्यांना बंदी आहे,
आणि फोटो शेवटी बाप्यांच्याच फोनात जातो.
हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.

सारवलेला मांड, समोरासमोर दोन ओळी,
कमरेमागून गुंफलेले हात,
वाकत पुढे, वाकत मागे.
शेवटच्या रात्री सोंगं निघाली
आणि अंधारातून माझी आई आली
पुरसोकाकांचा सदरा घालून,
काथ्याची मिशी, कानावर पेन.
खुर्ची नव्हती तिथे ऐसपैस बसली,
नसलेल्या आमटीत बोट बुडवलं,
चाटलं,
आणि म्हणाली: मीठ.

एवढंच. मीठ.
बायका एकमेकींवर कोलमडल्या.
पुरसोकाकांची बायको डोळे पुसत ओरडली,
अगो, आणखी एकदा कर!

मी तीन आठवडे फॉन्ट निवडत बसले होते.
इथे हे कधीपासून चालू आहे कुणास ठाऊक,
खाली कुणाची सही नाही,
एका पिढीने दुसरीला फॉरवर्ड केलेलं,
पहाटे मांड शिंपला की
पुरावा शिल्लक नाही.

कविता इथे संपवता आली असती.
सरांना आवडलीही असती.

पण शेवंतीकाकी ओळीत नव्हती.
उजेड संपतो तिथे, पोत्यावर बसली होती.
काका खाणीच्या ट्रकखाली गेले
तेव्हापासून ओळीत तिचा हात कुणी धरत नाही.
नियम कुठे लिहिलेला नाही,
कुणा बाप्याने येऊन सांगितलेला नाही.
आमचा आम्हीच पाळतो.
माझा हातही त्या रात्री आईच्या कमरेमागे होता.
मिशी मात्र तिने केली होती,
काथ्या भिजवून, विंचरून, दोन दिवस.

मी जाऊन शेजारी बसले. विचारलं,
त्या रात्री काय लिहिलं होतंस?
ती उरलेला काथ्या बोटाला गुंडाळत राहिली.
चित्र बरं होतं गो, म्हणाली.
एक चूक होती फक्त.
माझी पंगत तिसरी.

आता आल्तिनोवर रात्रीचे दोन वाजलेत.
फाईल उघडी आहे, दाराची फट मोठी करते आहे.
काठ चारच.
पाचवा शोधते आहे, आणखी मोठी करून,
चौकोन चौकोन फुटत जातात,
निळा, करडा, करडा,
त्यातला एखादा लुगड्याचा असेल.