वाटणी

वाटणीत प्रेबेनकडे गेलं काचेचं भांडं,
माझ्याकडे दट्ट्या, जाळी आणि झाकण.
वकीलबाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं त्यांनी,
कुत्रा आणि सायकलींच्या खाली.

शनिवारी एस्बियर्गचा वारा
बंदरावरून सरळ जिन्यात शिरतो.
मागोमाग हा येतो,
भांडं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.
मोजा मीच विणलेला, डाव्या पायाचा.
उजव्याचं मी विचारत नाही.

बिया दळते. जाडसर, भरड.
बारीक दळलं की जाळीतून निसटतं सगळं
आणि शेवटच्या घोटाला दातांत कचकचतं;
हे कळायला आम्हाला एकोणीस वर्षं लागली.

पाणी उकळलं की जरा थांबायचं.
मग ओतायचं. मग चार मिनिटं.
तेवढ्यात तो नळाचा वायसर बघतो,
बंदरातल्या नव्या क्रेनबद्दल बोलतो.
एकदा म्हणाला, सिग्ने हल्ली तुझ्यासारखी चिडते.
मी फेसाकडे बघत राहिले.
तपकिरी, फुगून वर आलेला,
मधोमध हळूच फाटला.

दट्ट्या मीच दाबते.
घाई केली तर उसळतं, हात भाजतो.
तळव्याखाली आधी त्याचं अडून बसणं,
मग सावकाश ऐकणं.

कोपऱ्यावरच्या दुकानात
नुसती काच मिळते, सुटी, ऐंशी क्रोनरला.
दुकान त्याच्या वाटेवर आहे.
माझ्याही.

चोथा मी कुंडीत टाकते.
तो भांडं धुतो, पुसतो, मोज्यात घालतो.
पुढच्या शनिवारी ओहोटी सकाळची आहे, म्हणतो,
जरा उशीर होईल.