बंदीच्या दिवसांतले खेळ

बोट झापांखाली. इंजिनाची डोकी
पडवीत उघडून ठेवलीत.
आणि मी, हर्णैचा मिस्त्री, वय छत्तीस,
रात्री जेवण झालं की पोराच्या वयाचा होतो,
असं बायको शेजारणीला सांगते.
दोन महिन्यांत चार खेळ संपवले, एक सोडला.
कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

पहिला चाच्यांचा. पाणी काय दाखवलंय!
तळातले शिंपले मोजून घ्या.
पण गलबत वळतं मोटारसायकलसारखं,
लाट आदळली तरी एक फळी कण्हत नाही,
दोर कुणाच्या तळहाताला कापत नाही.
दोन रात्रींत सहाशे माणसं मारली,
त्यांतल्या एकालाही बोट लागली नव्हती.
ज्यानं हा बनवला, तो दाभोळच्या तोंडावर
दुपारच्या वाऱ्यात कधी सापडलेला नाही.
दहापैकी पाच. तेही पाण्याला.

दुसरा तलवारीचा.
एका आंधळ्या सरदारानं मला सत्तेचाळीस वेळा मारलं.
मी मोजत होतो. भिंतीपलीकडून बायकोही मोजत होती.
घाई केलीत, मेलात.
भिऊन मागे सरलात, तरी मेलात.
भाला उचलण्याआधी त्याचा खांदा किंचित ढळतो,
तेवढीच सवड.
होडीतून बोटीवर चढताना असंच असतं.
लाट उचलते, वर जरा थांबते,
त्या थांबण्यात पाय टाकायचा.
नंतर टाकला तर बोटं सापडतात दोन्हींच्या मध्ये.
दहापैकी नऊ.
माझ्याकडे तेवढीच आहेत.

तिसऱ्यात हेलिकॉप्टरं फार.
दुश्मन रेशनच्या रांगेतले:
एकाचा मार खाऊन होईतो
दुसरा अदबीनं थांबतो.
कुणाचा तरी भाऊ मेला होता, त्याचा सूड.
भावाचं नाव शेवटपर्यंत कळेना, मग मीच शेवट केला.
हाच तो सोडलेला.

चौथ्यात बंदूक अडकते.
चिखल गेला की अडकतेच. मग उघडा, पुसा,
स्प्रिंग बसवा, समोरून तो धावत येतोय.
हर्षल म्हणाला, मामा, बोअर आहे हे.
म्हटलं, गप. इंजेक्टर असाच साफ करतात,
फक्त तिथं धावून येतो तो नाखवा.
आठ.

आता शेवटचा.
खेळ म्हणून साधारण. एक पूल राखायचा,
उजाडेपर्यंत भुतं येत राहतात, दोघांनी खेळायचा.
दुसरा इम्तियाज मुकादम,
आमच्याच आळीतला, आता कुवेतकडे टगवर.
त्याचा आवाज उशिरा पोचतो.
'मागे बघ' ऐकू येतं,
तोवर मागचा मला खाऊन ढेकर देत असतो.

एका रात्री त्याचं नेटवर्क गेलं.
त्याचा शिपाई पुलावर तसाच उभा,
हात अर्धा वर, छाती हलतेय.
ती सगळ्यांची सारखीच हलते, एकाच मापाची,
मला ठाऊक आहे.
निघता आलं असतं. खेळ परत सुरू करता आला असता.
पस्तीस मिनिटं मी त्याच्याभोवती फिरत राहिलो.
गोळ्या संपल्या. मग कुऱ्हाड. ती मोडली.
मग कुठूनसं एक फावडं मिळालं.
इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला,
सुवर्णदुर्गाकडून भरतीचा आवाज चढत होता,
आणि मी नळावरच्या भांडणातल्यासारखा
फावडं घेऊन उभा.

मग कानात खरखर.
'अरे, मी कुठं होतो?'
म्हटलं, 'इथंच.'
'काय झालं मधे?'
'काही नाही. पूल आहे अजून.'

याला गुण दिलेले नाहीत.
ऑगस्टात बोटी उतरतील, तोवर ठरवीन.
फावड्याचा आवाज मात्र चुकलाय त्यांचा.
रेतीवर फावडं असं वाजत नाही.