येणे बाकी

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत
पासलकर मंडप डेकोरेटर्सचं गोडाऊन.
तिथं मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते.
जमा डावीकडे, नावे उजवीकडे,
मधल्या शिवणीत दोरा.

त्या मार्चच्या एका आठवड्यात सव्वीस लग्नं फिरली.
माणसं तोंडाला उपरणं बांधून
ॲडव्हान्स परत मागायला आली.
पासलकर प्रत्येकाला आधी खुर्ची देत.
आठ हजार खुर्च्या होत्या,
द्यायला तेवढंच उरलं होतं.

कमानीवर चढून झेंडू बांधणारा गोवर्धन
पाठीवर चौकोनी पेटी घेऊन बिर्याणी पोचवायला लागला.
बिर्याणी आमच्याच आचाऱ्याची,
धनकवडीतल्या त्याच्या दोन खोल्यांतली.
बाणेरच्या इंजिनिअरांनी
रुखवताची टेबलं महिन्याच्या भाड्यानं नेली,
त्यावर लॅपटॉप ठेवले.
एक टेम्पो विकला. दुसरा विकायला गिऱ्हाईक नव्हतं.

मग जूनमध्ये फोन:
बॅडमिंटनच्या हॉलात दवाखाना करायचाय,
गाद्या किती आहेत?

साडेसहाशे.
प्रत्येकीच्या कोपऱ्यात ऑइल पेंटनं नंबर,
कारण वऱ्हाडी गाद्या पळवतात.

हळदीचे पिवळे पडदे दोन खाटांच्या मधे गेले.
नवरा-नवरीच्या स्टेजवर डॉक्टरांचं टेबल.
जनरेटर, उभे पंखे, पाण्याचे जार,
सगळं तेच, फक्त वाजंत्री नाही.
गादीमागे दिवसाला नऊ रुपये.
पाच हजार आठशे पन्नास, रोज,
अमावस्या नाही, चातुर्मास नाही, मुहूर्त नाही.
इतका नेमाचा धंदा आम्ही कधी पाहिला नव्हता.
हे लिहिताना माझं पेन अडलं नाही.
ते अडायला हवं होतं असं आता वाटतं,
पण त्या महिन्यात माझा पगार झाला.

पुढच्या एप्रिलात पासलकरांच्या थोरल्या वहिनी
आमच्याच गादीवर होत्या.
नंबर त्यांनीच फोनवर सांगितला, दोनशे चार,
आणि म्हणाल्या, कापूस चांगला भरलाय हो भावजी.
त्या गादीचं भाडं लावायचं का,
मी विचारलं नाही.
लावलं.
तेरा दिवसांचं.

हॉल रिकामा झाला तेव्हा
पाचशे अकरा गाद्या परत आल्या.
उरलेल्यांसाठी वहीत रकाना नव्हता.
मी 'घट' लिहिलं, जसं फुटलेल्या कपबश्यांसाठी लिहिते.
बिलाचं म्हणाल तर
फाईल वर गेली आहे.
दर पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर
ती रक्कम मी पुन्हा उतरवते,
मागील पानावरून पुढे.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, रेणुका भालशंकर.
स्वतःचं लग्न, हडपसरला, दोनशे पानं.
खराडीत हेल्थ ॲपच्या फोनवर बसते,
लोकांची लक्षणं ऐकून घेते.
आधी नर्स होते म्हणाली, कंत्राटी, त्या हॉलात.
कंत्राट संपलं त्या दिवशी आम्हाला गुलाब दिले.

गाद्या दाखवायला मी तिला आत नेलं.
खोळी नव्या आहेत, नंबर जुनेच.
ती थप्पीपुढे उभी राहून वाचत गेली, पुटपुटत,
जशी रात्रपाळीला हजेरी.
तीनशे सतरापाशी थांबली.
नावं लक्षात ठेवायला वेळ नसायचा, म्हणाली.
नंबर पुकारला की हात वर यायचा.

मग तळव्यानं गादी दाबून पाहिली,
आणि चाळीस गाद्यांचा भाव विचारला.
चौदा सांगितला. बारावर आली.
मी अकरा लावले.

पावती फाडताना तिनं विचारलं,
तुमचं बिल निघालं का हो?
नाही. तुझे पैसे?
दोन महिन्यांचे राहिलेत, म्हणाली,
आणि ॲडव्हान्सच्या नोटा मोजून टेबलावर ठेवल्या.
मी त्या पुन्हा मोजल्या. सवय आहे.

बाहेर गोवर्धन हॉर्न देत होता.
संध्याकाळी कमानी बांधतो, दुपारी अजून पेटी.
चाळीस नंबर लिहून काढायचे होते.
तीनशे पंधरा, तीनशे सोळा,
तीनशे अठरा.