दोन सूत

मी आले होते फक्त बूट न्यायला,
हिवाळ्याचे, आतून लोकरीचे,
वेगळे झालो तेव्हा इथेच राहिलेले.

कायानीच्या पलीकडे ऑक्टोबर लवकर काळोखतो.
चारलाच गॅरेजात दिवा. व्होल्वोखालून
वेयोचे दोन पाय बाहेर, पुठ्ठ्यावर;
पुठ्ठा फ्रीजच्या खोक्याचा, त्यावर बाण छापलेला:
ही बाजू वर.

"राइली?" गाडीच्या पोटातून आवाज आला,
नऊ महिन्यांनी.
मग, "पाना दे. सतराचा."

दिला. वाकून पाहिलं तर
जॅकच्या बशीवर चौघडी घालून
आईने विणलेली चिंध्यांची सतरंजी,
तिच्यावर गिअरबॉक्स, चौतीस किलो,
निजलेल्या वासरासारखा एका अंगावर.
वेयो सकाळपासून एकटाच भिडला होता.
क्लचची चकती मध्यावर आणली होती
झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून.
दोन लांब बोल्टांची डोकी करवतीने उडवून
वाट दाखवायला इंजिनात पेरली होती.
डोकं चालतं त्याचं,
हे मी कोर्टातसुद्धा नाकारलं नव्हतं.

जॅक वर. थोडा डावीकडे. अजून वर.
गिअरबॉक्स सरकत सरकत गेला, बोल्टांवरून,
दातेरी दांडा चकतीत शिरला
आणि अडला.

दोन सूत.
फटीत माझ्या करंगळीचं नख जात होतं,
बोट जात नव्हतं.

"बोल्ट आवळून ओढू या?"
"नको. कान तुटेल."
मागच्या गाडीचा तसाच तुटला होता.
त्या वर्षी आम्ही सगळंच आवळत होतो,
पैसे, दारं, शब्द.

"पुढे जा," तो म्हणाला. "क्रँकच्या नटाला पाना लाव.
उजवीकडे. केसभर."
मी कोट काढला, बंपरवर पोट टेकलं,
हात घातला तिथे, जिथे पट्टे आणि थंडी.
खाली तो धापा टाकत हलवत होता, मी फिरवत होते.
"अजून.
थांब.
अजून जरा.
मागे नको, राइली, मागे नको."
कित्येक वर्षांत इतकं बोललो नव्हतो.

लग्नात सगळ्या म्हणाल्या होत्या, जुळवून घे.
कसं, ते एकीनेही सांगितलं नाही:
की वजन कुणीतरी खालून पेललेलं लागतं
आणि कुणीतरी केसभर फिरावं लागतं,
न बघता, नुसत्या आवाजाच्या भरवशावर.
पण ते यंत्राचं झालं.
आम्हा दोघांचे दात कारखान्यात मोजून कापलेले नव्हते.

तेवढ्यात पाना हातात हलका झाला.
धाड नाही, खट्ट नाही;
पिठाच्या डब्याचं झाकण बसतं, तेवढाच आवाज.

"बसला," तो म्हणाला.
"बसला?"
"बसला."

मग बोल्ट. एक मी शोधून द्यायचा, एक त्याने लावायचा.
सगळे हातानेच आधी, मग पान्याने, समोरासमोरचे.
त्याच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा,
मी पुसला नाही. फडकं फेकलं, त्याने झेललं.
सौना तापलीय, म्हणाला. मी म्हटलं, बस आहे सातची.
बस खरंच होती.

घरी पोचून कोट टांगताना
खिसा एका बाजूला ओढलेला.
हात घातला: बोल्ट, सतराचा, वॉशरसकट.

फोन एका घंटीत उचलला त्याने.
"सहावा सापडत नाहीये," म्हणाला,
"बेंचखाली दोनदा झाडलं."
"इथे आहे."

बराच वेळ दोघंही गप्प.
मागे जॅकची कुरकुर ऐकू येत होती, किंवा खुर्चीची.

"तुझे बूटही इथेच आहेत," वेयो म्हणाला.